‘विषारी जिना’ : एकही शब्द बदलणार नाही

५ जानेवारी, सकाळ
‘विषारी जिना’ आज जगापुढे आली. कादंबरी स्वतः टाइप केली, मुखपृष्ठ स्वतः केलं, अपलोडही स्वतःच. प्रकाशकाने वर्षभर ठेवून घेऊन कळवलं होतं, सेक्रेटरीचं पात्र जरा मवाळ करा. मी मवाळ करत नाही. मुलुंडच्या सोसायटीतली माणसं जशी सडकी असतात तशी लिहिली आहेत. आता मध्ये प्रकाशक नाही, संपादक नाही. एकही शब्द बदलणार नाही.
लिंक सोसायटीच्या ग्रुपवर टाकली. नंदकुमार म्हणाले, “अगं, ग्रुपवर कशाला?” नवऱ्याला मार्केटिंग कळत नाही.

८ जानेवारी
आमचे सेक्रेटरी चंद्रप्रकाश दारात. कादंबरीतला सेक्रेटरी सूर्यप्रकाश, तेव्हा संबंध नाही. म्हणाले, “वहिनी, टाकी साफ करायच्या पैशात मी फ्रिज घेतला?” म्हटलं, तो सूर्यप्रकाश. म्हणाले, “पण फ्रिज तर माझाच आहे ना! दोन दारांचा!”
म्हणजे कबुलीच. साहित्याची ताकद.

१३ जानेवारी
वरच्या मजल्यावरची मृणालिनी. तिची मोरी आमच्या स्वयंपाकघरात गळते. प्लंबर काल येणार होता, तिने परत पाठवला. म्हणाली, “मी लोकांची जास्वंद चोरते काय गं? आधी ते प्रकरण काढ, मग माझी मोरी.”
असल्या धमक्यांना मी भीक घालत नाही. मात्र रात्री वाचताना जास्वंदीचं प्रकरण कलादृष्ट्या सैल वाटलं. काढलं. डिजिटलचा हाच फायदा, लेखिका स्वतःची मालकीण.
प्लंबर आज सकाळीच आला. योगायोग.

२१ जानेवारी
ग्रिल बसवायचा आमचा अर्ज कमिटीने पुन्हा पुढे ढकलला. चंद्रप्रकाश जिन्यात नुसते हसले.
सूर्यप्रकाशवर विचार केला. खलनायकालाही काळीज असतं. फ्रिज आता त्याला सासऱ्यांनी दिला आहे. टाकी तो स्वतः आत उतरून घासतो. पात्राला खोली आली.
हा माझा निर्णय. कुणी सांगून मी काही करत नाही.

२९ जानेवारी
तळमजल्याच्या गंधालीताई रडत आल्या. मला वाटलं, यांनाही काही लागलं. तर म्हणे, “एवढी वर्षं इथे राहतोय, अख्ख्या पुस्तकात आम्ही कुठेच नाही? आम्ही काय माणसं नाही?”
भूमिकेचा प्रश्न होता, ठाम राहिले. हळदीकुंकवाचं एक प्रकरण घातलं ते कथानकाची गरज म्हणून. त्यांच्या तिळगुळाचं वर्णन त्यांनीच सांगितलं, वेळ वाचला.

१० फेब्रुवारी
मीटिंग. विषय : माझं शीर्षक. बिल्डरने नेटवर पाहिलं आणि ‘विषारी’ दिसलं तर रीडेव्हलपमेंटची वाट लागेल, असं एकमत. त्यांना ‘स्नेहसोपान’ हवं होतं. मी उभी राहून ठणकावलं, जिना राहणार म्हणजे राहणार! शेवटी ‘आमचा जिना’ मान्य करायला लावलं. सगळे माझ्यापुढे नमले. टाळ्यासुद्धा झाल्या.
ग्रिलला परवानगी मिळाली.

२४ फेब्रुवारी, दुपार
पहिलं खरं पत्र! सोसायटीबाहेरचं. लातूरच्या कुणी नमिता. लिहितात, ‘जानेवारीत तुम्ही फुकट ठेवलेली पहिली दोन प्रकरणं वाचून मी हादरले. आमचा सेक्रेटरी हुबेहूब तसाच. इतकं खरं लिहायचं धाडस कुणी करत नाही. म्हणून आता पूर्ण पुस्तक घेतलं. पण यात तो माणूस कुठेच नाही. सगळेच एकमेकांना तिळगूळ देताहेत. बाई, मूळ कादंबरी कुठे मिळेल?’
पत्र तीनदा वाचलं. मूळ कादंबरी आहेच, आज पुन्हा चढवते, बसू दे सगळ्यांना बोंबलत, असं ह्यांना सांगून कॉम्प्युटर उघडला.
दर वेळी त्याच फाइलवर सेव्ह केलं होतं. मूळ नाही. पेनड्राइव्हवर नाही, मेलमध्ये नाही, प्रकाशकाने परत केलेली प्रत केव्हाच रद्दीत गेली.
नंदकुमार म्हणाले, “तूच लिहिलीस ना? पुन्हा लिही. तुला तोंडपाठ असेल.”
अर्थात. कोरं पान उघडलं, कमरेला पदर खोचला. सूर्यप्रकाशपासून सुरुवात.
चार वाजले. लिहून झालं ते एवढंच : ‘सूर्यप्रकाश हे अत्यंत सालस गृहस्थ होते.’