पेलाभर कांजी

महानगर, लखनऊ
६ जानेवारी २०२५

चि. सौ. मधू हिस अनेक आशीर्वाद.

फोनवर माझा आवाज जरा बसला की तू घाबरतेस, म्हणून कागद घेतला. धुक्यात समोरचा कडुलिंब दोन दिवस दिसलेला नाही. दुपारी गच्चीवर थोडं ऊन येतं, तेवढ्यात लिहितोय.

एक वेडेपणा केलाय. तुझ्या वहिनीने जाण्याआधी मोहरीच्या पाण्यात आंबत घातलेली काळ्या गाजरांची कांजी दोन वर्षं फ्रिजमध्ये तशीच होती. हात लावायचा धीरच होत नव्हता. नाताळात तुझी लेक मुक्ता आली होती. तिच्या इथल्या संस्थेत निरोगी माणसांना आंबवलेल्या भाज्या खायला देऊन पोटात काय फरक पडतो ते बघताहेत. या भाज्यांतले जिवंत जंतू आपल्या पोटात जातात, असं ती म्हणाली आणि पुढचं मी ऐकलंच नाही. आठ दिवसांत फोडी, पाणी, सगळं संपवलं. विनयाच्या हातचं आता माझ्या आत राहील, असं वाटलं. रोज दुपारी पोटावर हात ठेवून पडतो. मधू, ती गेल्यापासून इतकी शांत झोप लागली नव्हती.

हसायचं तर हस, पण माया आटू देऊ नकोस.
दादा

महानगर, लखनऊ
२२ जानेवारी

चि. सौ. मधू हिस आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. बायकोला पोटात सांभाळणारा तू जगात एकटाच, असं लिहिलंयस. वाचून खूप हसलो.

आता मात्र हसू येत नाही. काल मुक्ताला सगळं सांगितलं.  पोरीने हळूहळू समजावलं, की हे जंतू बहुतेक पाहुणेच असतात. खात राहिलं तर राहतात, थांबलं की थोड्या दिवसांत निघून जातात.

विनया दर होळीला कांजीतला एक पेला बाजूला ठेवायची आणि पुढच्या थंडीत नव्या बरणीत ओतायची. एकतीस वर्षं तिने हे मोडू दिलं नाही. मी आठ दिवसांत सगळं पिऊन बसलो, वर बरणी घासूनही ठेवली. तळाशी चमचाभर तरी ठेवायला हवी होती. फार वाईट वाटतंय गं.

लवकर लिही, मी टपालाची वाट बघतो.
दादा

मिरज
२९ जानेवारी

ती. स्व. दादास सा. न. वि. वि.

रागावू नकोस. वहिनी शेवटची इथे आली तेव्हा कांजीची एक बाटली मला देऊन गेली होती. इथे काळी गाजरं कुठली मिळायला? मी लाल गाजरं आणि बीट घालून चालू ठेवली, वर चार हिरव्या मिरच्याही टाकल्या. वहिनीची कांजी पार बिघडवली असं वाटून तुला सांगायची लाज वाटली. पण दर वेळी जुनीतला पेला नवीत घातलाय, एकदाही चुकले नाही. यामुळे पोट छान राहतं, असं ह्यांचं म्हणणं. मुक्ता म्हणते, इतक्यात काही ठरवू नका. मी दोघांनाही हो म्हणते.

मुक्ता मैत्रिणीच्या लग्नासाठी इथे आली आहे, तिच्याबरोबर बाटली पाठवते. झाकण सैल ठेवायला सांगितलंय. तू काळी गाजरं आणून ठेव.

वेळेवर जेवत जा, म्हणजे मलाही घास गोड लागेल.
तुझी मधू

महानगर, लखनऊ
११ फेब्रुवारी

चि. सौ. मधू हिस अनेक अनेक आशीर्वाद.

बाटली पोचली. मुक्ताची ओढणी वाटेत लालभडक झाली, तेवढं तू निस्तर. आलमबागहून गाजरं आणली, शेजारच्या मिश्रा भाभींनी मोहरी वाटून दिली, वर तुझी बाटली ओतली. पाच दिवस बरणी उन्हात आणि मी तिच्या शेजारी. तिसऱ्या दिवशी कान लावला तर आत बारीक बुडबुडे फुटत होते. बरणी बोलायला लागली, असं विनया म्हणायची. ऐकता ऐकता डोळा लागला. जाग आली तेव्हा ऊन पायांवरून भिंतीवर गेलं होतं आणि हे कोणतं साल, ते क्षणभर कळेना.

मुक्ताच्या तपासणीत मी ठणठणीत निघालो. पण तिच्या संस्थेच्या त्या अभ्यासात यायचं तर आधी महिनाभर असलं काही खायचं नाही, असा नियम आहे म्हणे. तिने दिलेला अर्ज मी कोराच परत दिला. तिनेही आग्रह केला नाही.

चव अगदी तिची नाही, तुझ्या मिरच्या लागतात. शेवटी घशात मात्र तोच आंबटपणा उतरतो. आज झाकण उघडल्यावर आधी एक पेला भरून बाजूला ठेवला, आणि मगच पहिली फोड तोंडात टाकली.

तुझा
दादा