चिखलाचा टब

४ ऑगस्ट, सोमवार
आज बालवर्गात टब मांडला — माती, पाणी, वर दोन मुठी कोरडे वाटाणे. पोरं तुटून पडली! एकटी इस्त्री भिंतीला चिकटून. (हे नाव माझं, मनातल्या मनात. तिच्या फ्रॉकला कधी सुरकुती म्हणून नसते.) "हात घाण होतात, ताई." चार वर्षांची पोर!

५ ऑगस्ट
सकाळीच तिचे बाबा दारात. दातांचे डॉक्टर, आवाज मात्र हवालदाराचा. "मुलीला शिकायला पाठवतो, लोळायला नाही!" म्हटलं, शिकतायतच की — ओलं-कोरडं, जड-हलकं, किती ओतलं की सांडतं. बोटांत जोर आला की पेन्सिलही नीट धरतील. छे! ते तडक मोठ्या बाईंकडे गेले. बाईंचा निकाल : "शुक्रवारी पालकांना बोलाव. पटलं तर ठीक, नाहीतर टब बंद."
रात्री भाषण लिहून पाठ करायला घेतलं.

७ ऑगस्ट
इस्त्रीने एक बोट बुडवलं. घाईघाईने पुसलं. पुन्हा बुडवलं!!

८ ऑगस्ट, शुक्रवार
पालक आले, मुलांच्या बुटक्या खुर्च्यांवर अवघडून बसले. मी पाठ केलेलं भाषण पहिल्याच वाक्याला विसरले. शेवटी म्हटलं, "बाह्या वर करा, या." कोणी हलेना.
तेवढ्यात इस्त्री उठली — आणि दोन्ही हात कोपरापर्यंत टबात! "बाबा, गार आहे! गिळगिळीत आहे! बोटांतून पळतंय!" तिची आई माझ्या कानाशी, "घरी विचारल्याशिवाय बोलत नाही हो ही..." फ्रॉकचं पार पोतेरं. बाबा ताडकन उठले. आता संपलंच, वाटलं. तर ही म्हणते, "माझं धरण फुटतंय. बाबा, धरा ना!"
डॉक्टरसाहेबांनी घड्याळ काढून खिशात टाकलं. मांडी घालून बसले. धरण फुटलं, बांधलं, परत फुटलं. बापलेक दोघं खदाखदा हसतायत!
मोठ्या बाई दारातून बघत होत्या. शिपायाला म्हणाल्या, "आणखी एक टब बघा कुठे मिळतो."

११ ऑगस्ट
शाळा सुटल्यावर बाबा एकटेच आले. आवाज एकदम खाली. "माझ्या आईच्या उजव्या हातातलं बळ गेलंय, आजारपणात. व्यायाम म्हटलं की तोंड फिरवते. आणि आम्ही — राहू दे, सांडेल, म्हणत सगळंच तिच्यापासून दूर ठेवतो." त्यांनी कोपऱ्यातल्या टबाकडे बघितलं.
"ताई, तिला एकदा मुलांमध्ये बसवाल?"