माशी दोन दिसते

बाबा, मी बंदूक घेतलीय. तुम्ही काय म्हणाला असता ते ठाऊक नाही, पण आई फोनवर म्हणाली, "या वयात काय वाघ मारायचा हाय का तुले?" वाघ नाही, बाबा, कागदावर छापलेली वर्तुळं मारायची आहेत. इथं हॅमिल्टनच्या बाहेर मक्याच्या शेतांपलीकडे एक क्लब आहे, तिथं दर शनिवारी सकाळी मी चटईवर पालथी पडून छोट्या गोळीची रायफल चालवते. ऑफिसमधल्या एकीनं एकदा ओढून नेलं आणि मग मी जातच राहिले. रीतसर कोर्स केला, लायसन्स काढलं. आठवडाभर हॉस्पिटलच्या पगार विभागात बसून लोकांच्या रजा आणि ओव्हरटाइम जुळवायचे, घरी येऊन वरण-भात टाकायचा, हिवाळा असला तर घरापुढच्या ड्राइव्हवेवरचा बर्फ फावड्यानं उपसायचा. त्या चटईवर कानांना आवाज अडवणारे मफ लावले की मला कोणी काही विचारत नाही. मी हल्ली फार थकलेय, बाबा. झोपलं की जाईल असा थकवा नाही हा. म्हणून ते दोन तास मला हवे असतात आणि तेवढ्यासाठी ही सगळी यातायात.

अडचण अशी झाली की नळीच्या टोकावरची ती उभी पट्टी मला नीट दिसेना. कधी पुसट, कधी जोडीनं. क्लबमधले एक म्हातारे गृहस्थ म्हणाले, रेड डॉट लाव. म्हणजे रायफलीवर बसवायची एक छोटी काच. तिच्यातून पाहिलं की एक लाल ठिपका दिसतो. तो निशाणावर ठेवायचा आणि चाप ओढायचा, मागचं-पुढचं काही जुळवायला नको. मला ते ऐकूनच बरं वाटलं. जुळवण्याचा मला आता कंटाळा आलाय.

बंदुकांच्या दुकानात गेले. काउंटरमागे एक दाढीवाला माणूस होता, अगदी शांत. ठिपका लहान हवा की मोठा, थंडीत बॅटरी किती टिकते, काच बंद नळीत हवी की उघडी, सगळं त्यानं न कंटाळता सांगितलं. मी पहिली काच डोळ्याला लावली. ठिपक्याला शेपूट होती. म्हटलं, ही खराब दिसतेय. दुसरीत दोन ठिपके एकमेकांना चिकटलेले. तिसरीत तर ओल्या कागदावर शाई फुटावी तसं झालं. माझा स्वभाव तुम्हाला माहीत आहे, मी लगेच आवाज चढवला, की बाई बघून वाटेल तो माल गळ्यात मारताय का. त्यानं फक्त माझा फोन मागितला, काचेमागे धरला आणि फोटो काढून मला दाखवला. फोटोत ठिपका वाटोळा, स्वच्छ. "द साइट इज फाइन, मॅम," तो म्हणाला, "इट्स युअर आइज. ॲस्टिग्मॅटिझम. डझ इट रन इन द फॅमिली?"

आणि मला तुमचा आवाज ऐकू आला. "माशी दोन दिसते."

पोलीस लाइनीतल्या त्या दोन खोल्या. तुम्ही वार्षिक गोळीबाराच्या सरावावरून आलेले, खाकी पँट गुडघ्यांवर मातीनं माखलेली. तुम्ही आईला सांगताय की यंदाही निशाण चुकलं, रायफलच्या टोकावरची ती पट्टी, म्हणजे माशी, दोन दिसते, कुठली धरावी कळत नाही. आई चुलीशी बसलीय. मी शाळेच्या वहीवर वाकलेय आणि तुम्ही अचानक माझ्यावर ओरडता, "डोळे बारीक करून वाचू नको! सरळ बघ!" तुम्ही मला कधी ओरडत नव्हता, म्हणून ते लक्षात राहिलं. आज वाटतं, तुम्हाला माझ्या बारीक केलेल्या डोळ्यांत काहीतरी दिसलं असावं आणि तुम्ही घाबरला असाल.

नंतर लाइनीत बोभाटा झाला. ज्याला एकाचे दोन दिसतात तो काय पीत असणार हे कोणी कोणाला सांगायला लागत नाही. तुम्हाला बंदोबस्तावरून काढून मुख्यालयाच्या मेसमध्ये पाठवलं. तिथं तुम्ही निवृत्त होईपर्यंत पोळ्या भाजल्या. संध्याकाळी तुम्ही घरी आलात की आई तुम्हाला उंबऱ्यावरच थांबवायची, तुमचं तोंड हुंगायची आणि सगळ्या लाइनीला ऐकू जाईल असं बोलायची. तुम्ही मान खाली घालून उभे. मग आत आलात की तीच आई तव्यावरची गरम भाकरी तुमच्या ताटात टाकायची. मला त्या दोन बायका कधी एक करता आल्या नाहीत.

आणि विहार. पौर्णिमेला पंचशील तुम्ही सांगायचात, बाकीचे मागून म्हणायचे. तुमचा आवाज काय खणखणीत होता! मेसमध्ये बदली झाल्यावर एक वडीलधारे हळूच म्हणाले, "तुम्ही आता मागं बसत जा." तुम्ही मागं गेलात, चपलांपाशी. पाचवं शील, दारूपासून दूर राहण्याचं, तिथूनही तुम्ही तितक्याच मोठ्यानं म्हणायचात. लोक एकमेकांकडे बघून हसायचे. मी आईला चिकटून बसायचे आणि मला मरणाची लाज वाटायची.

दुकानातून मी काहीच न घेता बाहेर पडले. डोळे तपासून घेतले. डॉक्टरीण म्हणाली, जन्मापासूनचं असेल, आनुवंशिक असतं, चष्म्यानं भागतं. रात्री समोरच्या गाडीचे दिवे फुटलेले दिसायचे ते मला वाटायचं सगळ्यांनाच तसे दिसतात. मुलीला सांगितलं तर ती म्हणाली, "आई, यू ड्रोव्ह मी टू स्कूल लाइक दॅट?" मी हसले, पण डोक्यात एकच घोळत होतं. आई आता थकलीय, माणसं विसरायला लागलीय. ती जायच्या आत तिला हे कळलं पाहिजे, की तुम्ही पीत नव्हता. तिच्या मनातून तरी तो डाग पुसायलाच हवा होता.

म्हणून गेल्या आठवड्यातल्या शनिवारी क्लबला गेले नाही, फोन लावला. सगळं समजावून सांगितलं: डोळ्याचा दोष, दोन दिसणं, चष्मा.

"मले मालूम होतं," आई म्हणाली.

"काय मालूम होतं?"

"तुह्या बापानं कधी थेंब नाही घेतला. रोज हुंगत होती मी, मले मालूम नसन तर कोनाले?"

"मग दारात उभं करून बोलायचीस ते?"

"लाइनीले ऐकू जावं म्हनून. डोये गेले म्हटलं असतं तर घरी बसवलं असतं. आपल्या मागच्या खोलीतल्या शिपायाले डोये गेले म्हनून बसवलं होतं ना. दारू पेनाऱ्याची बदली होते, बाई. आंधयाले घरी पाठोतेत. तू अन् तुहा भाऊ शायेत होते."

"आणि बाबा?"

"थेच म्हनाले, बोलत जाय. जोरानं बोल म्हनाले."

मग ती म्हणाली, चष्म्यानं भागते हे तेव्हा कोनं सांगतलं असतं, आणि फोन भावाकडे दिला.

बाबा, मला राग आलाय. तुमच्यावर, आईवर, त्या चष्म्यावर. एका काचेनं भागलं असतं हो! माझा नवा चष्मा लावून मी परवा त्याच दुकानात गेले आणि ठिपका पहिल्याच नजरेत वाटोळा दिसला. दाढीवाल्याला सॉरी म्हटलं आणि साधी, लहान ठिपक्याची रेड डॉट घेतली. तुम्ही आम्हाला निदान मोठं झाल्यावर सांगायला हवं होतं. मी नोकरीला लागले तेव्हा सांगता आलं असतं. माझ्या लग्नात सांगता आलं असतं. तेव्हाही तुम्ही मांडवात मागेच बसलात आणि मला हायसं वाटलं होतं.

हे पत्र कुठं टाकायचं हा प्रश्न नाही, ते या लॅपटॉपमध्येच राहील. विहारातले ते वडीलधारेही आता नाहीत, नाहीतर त्यांच्या पत्त्यावर पाठवलं असतं. फक्त एक सांगायचं राहिलंय आणि ते सांगायलाच मी एवढं लिहीत आले. काल क्लबनंतर सगळे जेवायला गेलो. कोणीतरी माझ्यापुढे बिअर सरकवली. इतकी वर्षं इथं मी जे उत्तर देत आले, तेच काल सगळं माहीत असतानाही तोंडातून निघून गेलं: "नो, थँक्स. माय फादर वॉज अ ड्रिंकर." सगळ्यांनी समजूतदारपणे माना डोलावल्या आणि मी त्यांना थांबवलं नाही.