‘विस्तव पेरीन’ या ओळीविरुद्धची तक्रार मागे घेण्याबाबत

प्रति,
मा. प्राचार्या,
ज्ञानओसरी कनिष्ठ महाविद्यालय,
मुलुंड (पूर्व), मुंबई.

अर्जदार : श्यामकांत गोविंद भुवड, राहणार नाहूर, नोकरी औषधांच्या गोदामात.

विषय : अर्जदाराने स्वतःच केलेली तक्रार मागे घेऊन, त्याची मुलगी कु. श्रुतिका (बारावी कला, तुकडी ब) हिला हमीपत्राविना कॉलेजात राहू देण्याबाबत.

संदर्भ : १) अर्जदाराचा दि. १० नोव्हेंबर २०२५ चा तक्रार अर्ज.
२) आपले दि. २४ नोव्हेंबरचे आभारपत्र.
३) आपली त्याच तारखेची नोटीस.

महोदया,

अर्जदार हात जोडून सादर करतो की,

१. आपल्या शिपाईदादांनी एकाच वेळी दोन लखोटे अर्जदाराच्या हाती दिले. एकात लिहिले आहे की अशा जागरूक पालकांमुळेच तरुण पिढी तग धरून आहे. दुसऱ्यात लिहिले आहे की अशा बेफिकीर पालकांमुळेच तरुण पिढी हाताबाहेर चालली आहे. दोन्हींवर नाव एकच, पत्ता एकच. शुक्रवार दि. ५ डिसेंबर रोजी सकाळी अकरा वाजता शिस्तपालन समितीसमोर तक्रारदाराने उजव्या बाजूस आणि दोषी विद्यार्थिनीच्या पालकाने डाव्या बाजूस बसावे, असेही कळवले आहे. अर्जदार कुठेही बसेल. उभाही राहील. त्याचे म्हणणे खुर्चीबद्दल नाही.

२. नोटिशीत दोनच वाटा ठेवल्या आहेत. ‘यापुढे आयुष्यात कोणतेही गाणे रचणार नाही, गाणार नाही, पसरवणार नाही’ असे हमीपत्र मुलीने लिहून द्यावे व त्यावर पालकाने सही करावी. नाही तर दाखला घेऊन जावे. बारावीची परीक्षा दोन महिन्यांवर आली आहे. मुलीने हमीपत्र लिहिले, खाली सहीही केली. अर्जदाराची सही होत नाही. पेन कागदापर्यंत नेतो आणि तिथे हात असा थबकतो, जणू पुढे कठडा नसलेली विहीर आहे. का होत नाही हे कळावे म्हणून खालील हकीकत, थोडी लांबली तरी, वाचावी ही कळकळीची विनंती.

३. दिवाळीनंतर आमच्या वसाहतीतली मुले पाण्याच्या टाकीच्या कट्ट्यावर बसून मोबाईलवर एक रॅप गाणे सारखे लावू लागली. गाणारा कोण, तर म्हणे ‘संकासूर’. तोंडावर आमच्या कोकणातल्या शिमग्याच्या खेळात असतो तसा काळा मुखवटा, त्याला सुंभाची पांढरी दाढी, आणि आवाज यंत्रातून घोगरा केलेला. मुलांना त्या गाण्याने झपाटले होते. कोणा मोठ्या माणसाने ‘गप्प बस’ म्हटले की उलट त्याच्याच तोंडावर टाळ्या वाजवत म्हणायची :

गप्प बस, गप्प बस, घरात-दारात गप्प बस,
टाकी भरली काठोकाठ, वाहू दे की आता, बस!

अर्जदाराने एकदा हटकले, ‘अरे, लाजा आहेत का रे? बंद करा ती कटकट.’ त्यावर शेजारच्या रत्नप्रभाबाईंचा मुलगा प्रीतम म्हणाला, ‘काका, एकदा नीट ऐका ना यार. सॉरी, यार नाही. पण ऐका ना.’ अर्जदाराने नीट ऐकले नाही. पुढे चालता चालता एकच तुकडा कानात शिरला, ‘विस्तव पेरीन’. तेवढा पुरला.

त्याच संध्याकाळी अर्जदाराने तीन पाने तक्रार लिहिली. अशा गाण्यांनी पोरांची माथी फिरतात, थोरांचा धाक उरत नाही, गावच्या सोंगाची विटंबना होते, आज विस्तव पेरण्याची भाषा करणारी ही मुले उद्या कोणाच्या तरी दारात खरोखर आग लावतील, आणि यातली बरीच मुले आपल्याच कॉलेजची असल्याने गाणाऱ्याचा छडा लावून त्याला जन्माची अद्दल घडवावी, असे लिहिले. त्या ओळीखाली लाल शाईने दोन रेघा ओढल्या. श्रुतिका समोरच पुस्तक उघडून बसली होती. अर्जदाराने तिलाच विचारले, ‘चिथावणीखोर मधली चि ऱ्हस्व की दीर्घ गं?’ ती म्हणाली, ‘ऱ्हस्व, पप्पा.’

४. पुढचे आपणास ठाऊकच आहे. गाण्याच्या व्हिडिओत मुखवट्याखाली आपल्या कॉलेजच्या ओळखपत्राची निळी दोरी लोंबत होती. ती अर्जदाराला दिसली नाही, आपल्या क्रीडाशिक्षकांना दिसली. तो मुखवटा अर्जदाराच्याच माळ्यावरचा, त्याच्या वडिलांनी शिमग्याला तोंडाला बांधलेला. तोही त्याला ओळखता आला नाही. पोटच्या पोरीचा आवाज ओळखता आला नाही तिथे कापडाचे काय घेऊन बसायचे.

५. लखोटे आले त्या दिवशी श्रुतिकाने अर्जदाराची तक्रार वाचली, कारण आपण नोटिशीला तिची प्रत जोडली होती. तिन्ही पाने वाचली. अर्जदार वाट पाहत होता की आता ही ओरडेल, दार आपटेल. ती म्हणाली, ‘अक्षर मस्त आहे तुमचं, पप्पा. एकपण खाडाखोड नाही.’

मग पानांची घडी घालत म्हणाली, ‘आजीची ओळ होती ना ती. मला वाटलं, तुम्ही दोन शब्द ऐकले तरी ओळखाल. म्हणून तर तीच घेतली.’

अर्जदाराची पत्नी जानकी म्हणाली, ‘अगं, मग आधी सांगायचंस ना त्यांना!’

‘सांगून ओळखलं तर काय उपयोग, मम्मी?’



६. अर्जदाराची आई, कै. भागीरथी गोविंद भुवड, दोन वर्षांपूर्वी आमच्याच घरी वारली. चौदाव्या वर्षी लग्न होऊन ती डोंगरापल्याडच्या वाडीत सासरी आली होती. तिच्या आईला एकच घोर, की पोरीला तिथे पोटाला मिळते की नाही. निरोप्या नाही, चिठ्ठी नाही. म्हातारी रोज सकाळी अंगणात उभी राहून डोंगरावर धूर दिसतो का ते बघायची. आई जात्यावर गायची ती ओवी अशी :

परक्याच्या दारी । विस्तव पेरीन ।
धुरानं सांगीन । माहेराला ॥

पेटली गं चूल । रटरटे पेज ।
आई, तुला नीज । लागो आता ॥

विस्तव पेरणे म्हणजे चूल पेटवणे, महोदया. एवढाच त्याचा अर्थ आहे. ज्या ओळीने एका म्हातारीला झोप लागावी, त्या ओळीने समिती जागी झाली आणि ‘परक्याच्या दारी’ म्हणजे कॉलेजचे फाटक, असा तिने अर्थ लावला. चूक समितीची नाही. तिला लाल रेघ अर्जदाराने दाखवली. गाण्यात पुढचे शब्दही आहेत, फक्त भरभर म्हटलेले. ऐकायला थांबणाऱ्याला ते ऐकू येतात.

आई नाहूरला राहायला आल्यावर भाजी निवडताना ही ओवी म्हणायची आणि अर्जदार म्हणायचा, ‘आये, हळू गो, शेजारी काय म्हणतील?’ ती आणखी हळू म्हणायची. शेवटी शेवटी नुसते ओठ हलायचे. तेव्हा श्रुतिका तिच्या तोंडाशी मोबाईल धरून बसायची, आणि अर्जदाराला वाटायचे की पोरगी आजीला फोनवर काहीतरी खेळ दाखवते आहे.

७. गाण्याने तरुण माणूस पेटतो, हे तक्रारीत लिहिले ते खोटे नाही. अर्जदार स्वतः विसाव्या वर्षी जाखडीच्या नाचात पायाला घुंगरू बांधून नाचला आहे. आमच्याकडे त्यात दोन बाऱ्या समोरासमोर उभ्या राहतात, एक शक्तीवाली, एक तुरेवाली, आणि गाण्यातून एकमेकांची सालटी काढतात. एका तुरेवाल्याने अर्जदाराच्या वडिलांना भर मांडवात गाऊन सांगितले, ‘तुझ्या घरावरून नांगर फिरवीन.’ वडिलांनी उलट गाऊन सांगितले, ‘बैल माझेच ने, तुझे उपाशी आहेत.’ मांडव हसून लोटपोट. दुसऱ्या दिवशी दोघे एका ताटाशी भाकरी खायला बसले. गावात नांगर कोणाच्याही घरावरून फिरला नाही. ज्यांच्या मनात खरोखर नांगर होते ते लोक गात नव्हते, महोदया. ते गप्प असायचे.

८. आणि या गाण्याने पोरांचे काय झाले तेही अर्जदाराने आता टाकीच्या कट्ट्यावर बसून पाहिले आहे. प्रीतमने तीन वर्षांची गुटख्याची सवय सोडली, कारण रॅप म्हणताना दम पुरत नव्हता. रत्नप्रभाबाईंनी तसे लिहून दिले आहे. आईने शपथा घातल्या, डॉक्टरांनी फोटो दाखवले, तेव्हा गुटखा सुटला नाही. एका गाण्याच्या श्वासासाठी सुटला. चार मुले ‘संकासूर कोण’ म्हणून चौकशी करत करत रत्नप्रभाबाईंकडे शिमग्याच्या गोष्टी ऐकायला जाऊन बसली. ती उद्धट झाली आहेत हेही खरे. पूर्वी खाली मान घालून खोटे बोलत, आता मान वर करून खरे बोलतात. त्याचा त्रास होतो. अर्जदारालाही झाला.

९. पण खरा अर्ज यासाठीही नाही. खरे असे आहे की गेले आठ दिवस श्रुतिका अर्जदाराशी भांडलेली नाही. ‘जेवलीस?’ ‘हो.’ ‘अभ्यास झाला?’ ‘हो.’ ‘रागावलीस का माझ्यावर?’ ‘नाही.’ जी मुलगी पोळपाटावर, जिन्याच्या कठड्यावर, बापाच्या पाठीवर बोटांनी ताल धरायची, तिची बोटे मांडीवर पडून असतात. पाहुण्याच्या घरी आल्यासारखी बसते. जानकी म्हणाली, ‘भांडायची तेव्हा डोकं खायची. आता भांडत नाही तर काळीज खाते.’ परवा अर्जदाराने मुद्दाम तिचे पुस्तक लपवले, की निदान त्यावरून तरी वाजेल. ती म्हणाली, ‘राहू दे,’ आणि वही घेऊन बसली. काल त्याने कट्ट्यावरच्या मुलांना ते गाणे मोठ्याने लावायला सांगितले. तिने उठून खिडकी लावली. बापाने लावली असती तशी, अगदी हळू, आवाज न करता.

तिने लिहिलेले हमीपत्रही असेच आहे. एकही खाडाखोड नाही. ‘आयुष्यात’ हा शब्द तर तिने इतर शब्दांपेक्षा जास्त नीट काढला आहे. महोदया, मूल रुसून लिहिते तेव्हा अक्षर वाकडे येते. हे सरळ आले आहे. ती खरेच तसे वागेल. अर्जदाराला भीती कॉलेजची नाही, या सरळ अक्षराची आहे.

१०. सबब अर्जदाराची प्रार्थना अशी की,

(अ) दि. १० नोव्हेंबरची तक्रार न आल्यासारखी समजावी. तक्रारदार जिवंत आहे, शुद्धीवर आहे आणि ती मागे घेत आहे.

(आ) ओळ दोषीच ठरत असेल, तर ती मूळ जिने म्हटली ती हयात नाही. तिचा वारस अर्जदार आहे. ठपका त्याच्यावर ठेवावा. आपल्या कॉलेजात वर्षभर झाडू मारायला सांगितला तरी तो मारील.

(इ) सोबत जोडलेले हमीपत्र कृपया स्वीकारू नये. पालकाच्या सहीची जागा कोरी आहे व कोरीच राहील. तरीही मुलीला परीक्षेला बसू द्यावे. हे नियमात बसत नाही हे अर्जदाराला समजते. दुसरे काही मागण्याजोगे त्याला सुचत नाही.

(ई) शुक्रवारी समितीने श्रुतिकाला ‘तुझे काय म्हणणे आहे’ असे विचारले तर ती ‘काही नाही’ म्हणेल. ते तिचे उत्तर समजू नये. तिच्याऐवजी अर्जदारास चार मिनिटे द्यावीत. तो उजव्या आणि डाव्या खुर्चीच्या मध्ये उभा राहून ही ओवी दोन्ही कडव्यांसह म्हणून दाखवील. पस्तीस वर्षांत तो गायलेला नाही, आवाज फाटेल, ताल सुटेल. तो चुकला की दुरुस्त करण्याची परवानगी मुलीला द्यावी. ती दुरुस्त करील की नाही, अर्जदाराला माहीत नाही. पण तो चुकत राहील, महोदया, चार मिनिटे पूर्ण होईपर्यंत, तिला राहवेनासे होईपर्यंत. तेवढ्यात तिने नुसते ‘पप्पा, असं नाही’ म्हटले, तरी पुढचा निर्णय आपण कोणताही द्यावा.

सोबत : १) हमीपत्र, पालकाच्या सहीविना. २) कै. भागीरथी भुवड यांच्या आवाजातील ओवी, पेनड्राइव्हवर. ३) सौ. रत्नप्रभा यांचे निवेदन.

ठिकाण : नाहूर
दिनांक : २ डिसेंबर २०२५

आपला नम्र, आणि श्रुतिकाचा बाप,

(सही)
श्यामकांत गोविंद भुवड