भुकेची पुडी

मु. वाघाडी, पो. नार्नूर
दि. १२ जानेवारी १९८७

ती. प्रयागअक्का हिस मोतीरामचा सा. न. वि. वि.

आमी सारे इकडे खुशाल हाओत. कापसाचे दोन वेचे झाले, ज्वारी हुरड्यात आली. माय रोज तुझी आठवण काढते. भावजींना माझा नमस्कार सांगजो.

अक्का, एक आनंदाची गोष्ट सांगतो. मागच्या पोलीस भरतीत माझी छाती दोन बोटं कमी पडली अन् मले रांगेतून बाहेर काढलं, हे तुले ठाऊकच हाये. आता मार्चच्या बारा तारखेला आदिलाबादले पुन्हा भरती हाये. या वेळी मी मागं राहत नाही. इंद्रवेल्लीच्या बाजारात एक माणूस भुकेच्या पुड्या विकते. दिवसाला दोन, दुधासंगं. शेजारच्या सोजरबाईचा सुधाकर अन् मी पोळ्यापासून घेऊन राह्यलो. त्याची पण छातीच कमी पडली होती. पहिले दोन भाकरींवर माझं पोट भरे, आता सहा खाऊनही मी ताटाकडं पाहत बसतो. अडत्याच्या काट्यावर चव्वेचाळीस किलोचा त्रेपन्न झालो. माय म्हणते की आता कुठं माझं पोर माणसासारखं दिसते. गाल असे भरले की तू ओळखणार नाही.

तुझ्या दवाखान्याच्या गमती लिहिजो. मोठ्या बहिणीची माया अशीच असू दे.

तुझा भाऊ,
मोतीराम

---

नांदेड
दि. २० जानेवारी १९८७

चि. मोतीराम यास प्रयागचे अनेक आशीर्वाद.

पत्र वाचून हसले. तुझे भावजी वामनराव म्हणतात की मेहुणा आता आपल्या खुर्चीत मावायचा नाही, नवी करून घ्यावी लागेल. लहानपणी तुला घास भरवायला माय अंगणभर तुझ्यामागे पळायची, आणि आता सहा भाकरी! माझी ड्यूटी बाळंतिणींच्या वार्डात, तिथे या आठवड्यात दोन जुळी झाली, त्यामुळे पाय टेकायला सवड नाही.

पण एक विचारते, रागावू नकोस. त्या पुडीत आहे काय? त्या माणसाने नाव सांगितले का? खोके, चिठ्ठी, काही असते का? मला तुझ्या तब्येतीचे सगळे लिही, लाजू नकोस. झोप कशी आहे, चालताना दम लागतो का, सगळे. आणि एक पुडी पाकिटात घालून पाठव.

मायबापूंना नमस्कार. पत्राची वाट पाहते आहे, उशीर करू नकोस.

तुझी अक्का,
प्रयाग

---

मु. वाघाडी
दि. ९ फेब्रुवारी १९८७

ती. अक्कास मोतीरामचा सा. न. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. उशीर झाला, कारण काय लिहावं ते समजत नव्हतं. आता खरं लिहितो, मायले कळवू नको.

पुडीवर नाव नाही. साध्या कागदात पांढरा भुगा असते. एक पाठवून राह्यलो. तो माणूस म्हणते की जडीबुटी हाये.

माझं तोंड ताटासारखं गोल झालं. पोट सुटलं. पण अक्का, हात-पाय बारीकच हायेत, उलट पहिल्यापेक्षा बारीक. परवा कापसाचं बोचकं उचलायले उकिडवा बसलो अन् मले उठताच आलं नाही. सुधाकरनं हात धरून उभं केलं. तो हसला, मग त्याचं तोंड उतरलं, कारण त्याचंही तसंच होऊन राह्यलं. दोघांच्याही पोटावर जांभळे वळ उठले, कोणी चाबकानं मारावं तसे. झोप येत नाही. भूक मात्र अशी लागते की खाणं संपायच्या आधीच पुढचं खाणं आठवते. मले आता त्या भुकेचंच भेव वाटते.

पण भरती एक महिन्यावर हाये. तेवढं होऊ दे, मग सोडतो.

तुझ्या उत्तराकडं डोळे लावून बसलेला,
मोतीराम

---

नांदेड
दि. १६ फेब्रुवारी १९८७

चि. मोतीराम यास आशीर्वाद.

पत्र वाचले आणि तशीच लिहायला बसले. नर्सच्या भावाने बाजारातला नाव नसलेला भुगा सहा महिने खावा, याला काय म्हणावे? ते विष आहे. हे पत्र वाचशील त्या घडीला सगळ्या पुड्या आजच्या आज नाल्यात फेकून दे. एकसुद्धा ठेवू नकोस. सुधाकरलाही हे पत्र दाखव. त्याला माझे नाव घेऊन सांग की प्रयागअक्काने शपथ घातली आहे, त्यानेही फेकाव्यात. तो लहानपणी माझ्या कडेवर खेळलेला आहे, माझे ऐकेल.

भरती गेली तरी चालेल. तुम्ही दोघे मला धडधाकट हवे आहात. पुडी मी इथल्या डॉक्टरांना दाखवणार आहे, ते परगावी आहेत, दोन दिवसांत येतील.

फेकल्याचे उलट टपाली कळव, म्हणजे माझा जीव भांड्यात पडेल.

तुझी अक्का

---

नांदेड
दि. १९ फेब्रुवारी १९८७

चि. मोतीराम,

आधीचे पत्र मिळाले असेल तर त्यात लिहिलेले करू नकोस. पुन्हा लिहिते: पुड्या फेकू नकोस. एकदम बंद करू नकोस. सुधाकरलाही सांग. आत्ताच पोस्टात जाऊन तार केली, पण ती उटनूरहून तुमच्या गावी कधी पोचेल याचा भरवसा नाही, म्हणून हे पत्रही टाकते आहे.

डॉक्टर आज आले. त्यांनी पुडी पाहिली आणि तुझे पत्र दोनदा वाचले. त्यांच्या मते त्या भुग्यात भूक वाढवणारी गोळी तर आहेच, पण जास्त करून स्टिरॉइड आहे. आपल्या शरीरात असते तसलेच एक हार्मोन. ते बाहेरून मिळाले की भूक खवळते, चरबी तोंडावर आणि पोटावर चढते, आणि हातापायाचे मांस झिजते. तुम्हाला वाटले अंग भरते आहे, पण भरत होती ती चरबीच. आणि खरी भीती पुढेच आहे. इतके महिने बाहेरून मिळाल्यावर शरीरातली, मूत्रपिंडावरची ग्रंथी स्वतःचे हार्मोन करायचे सोडते, झोपी जाते. पुडी एकदम थांबवली की अंगात काहीच उरत नाही. साधा ताप आला तरी तो झेपत नाही. ओकाऱ्या होतात, माणूस गार पडतो.

म्हणून होती तशी घेत राहा आणि पहिल्या गाडीने दोघेही इकडे या. डॉक्टर थोडी थोडी कमी करून सोडवतील.

मोतीराम, मी ते पत्र रागात लिहिले. मला माहीत नव्हते. मला खरेच माहीत नव्हते.

अक्का

---

मु. वाघाडी
दि. २६ फेब्रुवारी १९८७

ती. अक्कास मोतीरामचा नमस्कार.

हे पत्र नांदेडले जाणाऱ्या कापसाच्या लॉरीवाल्याजवळ देऊन राह्यलो. टपालावर आता माझा विश्वास नाही.

सुधाकर गेला.

तुझं पुड्या फेकायचं पत्र वीस तारखेला आलं. मी त्याले वाचून दाखवलं. त्यानं पुड्या काढल्या अन् आमी दोघं नाल्यावर गेलो. त्यानं साऱ्या फेकल्या. मी पण फेकल्या, त्याच्यासमोर. पण अक्का, माझ्या कागदांत ज्वारीचं पीठ होतं. खऱ्या पुड्या मी घरी कोठीत लपवल्या होत्या. भरतीवर माझा जीव होता. त्याले फसवलं, तुले फसवणार होतो.

दुसऱ्या दिवशी त्याले ताप चढला. मग ओकाऱ्या. सोजरबाई म्हणाली की हवा बाधली. तेविसाले त्याले उठून बसता येईना. चोविसाले आमी जीप करून उटनूरच्या दवाखान्याले निघालो. त्याचं डोकं माझ्या मांडीवर होतं. इंद्रवेल्लीच्या अलीकडं त्यानं मले विचारलं, तुले काऊन काही होत नाही, आपण तर संगंच फेकल्या. मी त्याच्या अंगावरचं पांघरूण सारखं केलं. थोड्या वेळानं त्याचा हात गार पडला. जाळून परत आलो तर पोस्टमन नागोराव तुझी तार घेऊन अंगणात उभा होता. मागून काल तुझं दुसरं पत्र आलं.

तुझं ऐकलं तो गेला, अन् नाही ऐकलं तो मी बसून लिहून राह्यलो.

आता माझ्याजवळ नऊ पुड्या हायेत. दोन तारखेपर्यंत पुरतील. पुडीवाला बाजारातून पळाला. गाडीत बसून नांदेडपर्यंत यायची ताकद पायांत नाही, अन् सोजरबाई मले नजरेआड होऊ देत नाही. सुधाकरच्या सदऱ्याच्या खिशात तुझं ते फेकायचं पत्र सापडलं, त्यानं माझ्याजवळून मागून घेतलं होतं. तिले वाचता येत नाही. मले विचारते काय लिहिलं हाये. मी भरतीचा कागद म्हणून सांगितलं. ती रोज विचारते.

अक्का, मले मरायचं नाही. लवकर ये.

मोतीराम

---

मु. वाघाडी
दि. ९ मार्च १९८७

श्री. वामनराव यांस सा. न. वि. वि.

मी पोचले ते कळवायला आठवडा लागला, माफ करावे. नांदेडहून किनवट, मग आदिलाबाद, मग इंद्रवेल्ली. प्रत्येक स्टँडवर मला वाटे की उशीर झाला. आले त्या सकाळी मोतीरामची शेवटची पुडी संपली होती. डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या लगेच सुरू केल्या. चिठ्ठीप्रमाणे दर पंधरवड्याला थोडी कमी करायची, असे सात-आठ महिने. मधे ताप आला तर वाढवायची आणि ताबडतोब दवाखाना गाठायचा. सकाळी जाग आली की मी आधी त्याच्या अंगाला हात लावून पाहते, मग डोळे उघडते. उद्या भरतीला निघायचे होते, त्याचे नावही कोणी घेत नाही.

दुसऱ्या दिवशी सोजरबाईकडे गेले. पत्र तिने पुढे केले. मोतीरामने मला डोळ्यांनी खुणावले, पण मी ते पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचले. फेकून दे म्हणून लिहिले होते तेही, शपथ घातली होती तीही. मग सांगितले की हे चुकीचे होते, आणि मला ते तीन दिवसांनी कळले. मोतीरामनेही आपल्या पिठाची गोष्ट तिच्यापुढे कबूल केली. ती भिंतीला टेकून ऐकत होती. तिने मला सुधाकरचे नाव असलेली ओळ पुन्हा वाचायला लावली. मग म्हणाली की या पोराने जन्मात तिचे एक ऐकले नाही, आंघोळ कर म्हटले तरी पळायचा, आणि ऐकले तर या पत्रातले एवढे एकच. पत्र घडी करून तिने कनवटीला लावले आणि आत गेली. मला वाटले आता ही बाई आमच्या दारात पाय ठेवणार नाही.

दुसऱ्या दिवशी उजाडताच ती आली. तिच्यामागे गावातली तीन जवान पोरे होती, तिघांच्याही हातात पुड्या. कोणाच्या घरात पुड्या आहेत हे तिने दारोदार फिरून शोधून काढले होते. तिघांनाही एकदम सोडू नका म्हणून सांगितले आहे, आणि परवा त्यांना घेऊन मी नांदेडला येते. डॉक्टरांना कळवून ठेवावे; हे पत्र आजच लॉरीवाल्याजवळ देते, म्हणजे आमच्या आधी पोचेल. मोतीराम अजून प्रवासाच्या ताकदीचा नाही, तो इथेच मायजवळ राहील. त्याला इथे सोडून यायची मला फार भीती वाटते.

पण सोजरबाई आहे. तेव्हापासून ती रोज सकाळी येते. मी मोतीरामच्या तळहातावर गोळी ठेवते, माय पाणी देते. सोजरबाई समोर येऊन थांबते. तो गोळी गिळेपर्यंत तिथेच उभी राहते, तोंड उघडून दाखवायला लावते, आणि मग आपल्या घरी जाते.

माझी काळजी करू नये, स्वतःला जपावे, आणि मनातली माझी जागा आहे तशीच राहू द्यावी.

आपली,
प्रयाग