आईची खुर्ची कोणाला, आणि माझ्या विश्वासाबाबत

मी, सोफ्यांच्या आणि खुर्च्यांच्या गाद्या भरणारा, वय वर्षे एकसष्ट, अंगाने खिळखिळा पण डोक्याने धड, हे मृत्युपत्र कोणाच्याही दबावाशिवाय लिहून ठेवतो. चहा गार होतोय म्हणून बायको आतून ओरडते आहे, तो दबाव धरू नये. मला पोटाचा कर्करोग आहे. माझा प्रभू येशूवर विश्वास आहे. या दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत आणि एका माणसात राहू शकतात. मुख्यतः हे सांगण्यासाठीच हा कागद केला.

१. दुकान व त्यावरच्या दोन खोल्या माझ्या पश्चात बायकोच्या. तिच्या हयातीत तिला कोणी त्या विकायला लावू नये. बँकेत जे उरेल तेही तिचेच. औषधांनी बरेच खाल्ले आहे.

२. हत्यारे मुलीची. धंदा तीच चालवते. मोठ्या कात्रीने कागद कापू नये. ही अट तिच्या आईलाही लागू आहे, का ते तिला माहीत आहे.

३. कोपऱ्यावरच्या हॉटेलवाल्याने माझ्याकडून खुर्च्या भरून घेतल्या आणि कापड हलके म्हणून गावभर बोभाटा केला. त्याला मी मनापासून माफ केले आहे. मुलीने त्याचे काम घेऊ नये.

४. माझ्या थोरल्या बहिणीबाबत, म्हणजे ताईबाबत. आजार कळला तेव्हा ती रोज यायची, आईच्या खुर्चीत बसून माझ्यासाठी प्रार्थना करायची. पहिल्या औषधांनी गाठ थोडी आक्रसली. डॉक्टर म्हणाले, "बघू या." ताईने त्याचा अर्थ लावला, बरा झाला. तिने चर्चमध्ये उपकारस्तुतीची सभा ठरवली, केक आणला, पाळकांनी मला पुढे बोलावले. मी उभा राहून म्हणालो, "गाठ अजून आहे. उद्या परत इस्पितळात जायचंय. पण प्रभू माझ्याबरोबर आहे." केक तसाच राहिला. बाहेर पडताना ताई माझ्या बायकोला म्हणाली, "तुझा विश्वास कमी पडला, म्हणून हा बरा होत नाही."

त्यानंतर ताई घरी आली नाही. बायको हे कोणापाशी काढत नाही, पण भांडी घासताना मधेच थांबते, तेव्हा मला कळते. मी गेल्यावर हे वाक्य तिच्या मानेवर बसेल, याची मला मरणापेक्षा जास्त धास्ती आहे.

म्हणून स्पष्ट लिहितो. मी मेलो तर कर्करोगाने मेलो, कोणाचा विश्वास कमी पडल्यामुळे नव्हे. मला बरे कर, असे मी प्रभूला रोज मागतो. त्याने नाही केले तरी मी त्याचाच आहे. हातात सुई खुपसतात तेव्हा मी घाबरतो आणि त्याचे नाव घेतो. भीती जात नाही, पण मी एकटा नसतो. माझ्या दफनाच्या वेळी किंवा नंतर माझ्या बायकोला कोणी विश्वासाचा जाब विचारू नये.

५. आईची खुर्ची ताईला. ती म्हणते, आईने ती तिला दिली होती आणि मी दुरुस्तीला म्हणून आणून दडपली. मी म्हणतो, मला दिली होती. आई दोघांनाही हो म्हणायची. आतला काथ्या मी नवा भरला आहे. रागाने देत नाही, बसायला देतो.

पुरवणी. सह्यांसाठी आज वकीलबाई व समोरचा किल्लीवाला आले. बायकोने मला न विचारता ताईलाही बोलावले होते. वकीलबाईंनी सगळे मोठ्याने वाचून दाखवले. चौथे कलम चालू असताना ताई खाली बघत होती. साक्षीदार दोन लागतात, किल्लीवाला एक, दुसरी जागा रिकामी होती. ताई म्हणाली, "मी करते सही."

"तुम्हाला यातून खुर्ची मिळते आहे," वकीलबाई म्हणाल्या. "साक्षीदार झालात तर ती जाईल."

ताईने एकदा खुर्चीकडे बघितले. मग माझ्या बायकोचा हात धरून म्हणाली, "खुर्ची हिच्याकडेच राहू दे. मी इथे येऊन बसेन. सही कुठे करू?"

सबब पाचवे कलम रद्द समजावे. चौथे कायम.

ठिकाण: दुकानावरची खोली
दिनांक: ७ फेब्रुवारी, रविवार, उपासनेनंतर
लिहून ठेवणार: (सही थरथरली आहे, पण माझीच आहे)
साक्षीदार: १. समोरचा किल्लीवाला
२. थोरली बहीण