बांधापलीकडची भाऊकी

६ मे, मंगळवार

आज बांधावर रक्त सांडलं. माझ्या देविदासच्या फावड्याचा दांडा आणि खालच्या आळीच्या गोपीचंदचं तोंड. दोन दात मातीत पडले. एक तर माझ्या चपलेजवळ!

कारण काय — गोपीचंदच्या ट्रॅक्टरनं नांगरताना आमचा बांध कोरला. चार हात असेल, नसेल. दरवर्षीचंच आहे. यंदा देविदासनं शिवी दिली, त्यानं आईवरून परत दिली, मग कोण थांबतो! गोपीचंदनंही देविदासचा कान असा ओढला की खालची पाळी फाटली. सून संगिता कापूस दाबून बसली आहे. रक्त थांबत नाही. धनुर्वाताचं इंजेक्शन घे म्हटलं तर माझ्यावरच डोळे काढतो.

जेवताना म्हणाला, "घरचा असता तं चार हात सोडून दिले असते. परक्याला काहून सोडू?"

घरचा असता तर — एवढंच डोक्यात फिरून राहिलं आहे.

७ मे

देविदास कुऱ्हाडीला धार लावत होता. विचारलं तर म्हणे सरपणाला. घरात गॅस आहे!

९ मे, शुक्रवार

हिंगोलीला मोजणीच्या कचेरीत जाऊन आलो. छातीत धडधड, तरी गेलो.

आमचं आणि खालच्या आळीचं आडनाव एकच. पण या आडनावाची गावात पुष्कळ घरं. नातं आहे असं कुणी म्हणत नाही, नाही असंही म्हणत नाही. माझे आजोबा मसाजी. त्यांच्यावरचं मला काही ठाऊक नाही. म्हणून शेताचे जुने नकाशे मागितले. एक निजामाच्या वेळचा, एक नंतरचा.

बाबूनं टेबलावर पसरले. जुन्यात आमच्या आणि गोपीचंदच्या शेतांमध्ये रेघच नाही! नाल्यापासून माळापर्यंत एकच नंबर, एक्केचाळीस. नंतरच्या नकाशात तुटक रेघ आली आणि दोन तुकडे झाले. विहीर बराबर रेघेवर. अर्धी इकडं, अर्धी तिकडं. परके लोक विहीर अशी कापत नाहीत. भाऊ कापतात.

आमचा तुकडा नाल्याकडचा, रुंद, काळ्या मातीचा. त्यांचा माळाकडचा, चिंचोळा. वाटणी काही सारखी दिसत नाही. असो.

नकाशाची आणि जुन्या उर्दू उताऱ्याची नक्कल घेतली. पिशवीत ठेवली, पुन्हा काढून पाहिली, पुन्हा ठेवली.

१२ मे, सोमवार

औंढ्याला एक निवृत्त मास्तर देवळामागं राहतात, त्यांना उर्दू येतं. जुना उतारा त्यांच्याकडून वाचून घेतला. बोट ठेवून वाचत गेले. सटवाजी. त्याखाली मसाजी वल्द सटवाजी. आणि लिंबाजी वल्द सटवाजी. वल्द म्हणजे अमक्याचा मुलगा, मास्तरांनी सांगितलं.

लिंबाजी म्हणजे गोपीचंदच्या बापाचा आजा, हे साऱ्या गावाला माहीत आहे. आणि मसाजी माझे आजोबा. दोघं सख्खे भाऊ! म्हणजे गोपीचंदचा बाप माझा चुलतभाऊच लागत होता. गोपीचंद माझा पुतण्या.

मला रडू आलं. मास्तर हसले. म्हणाले, "काका, भाऊ सापडला म्हणून खूश होणारा शेतकरी मी आज पहिल्यांदा पाहिला."

एसटीत मांडीवर कागद धरून वंशावळ काढली. खड्ड्यांनी अक्षर वाकडं आलं. तरी वाचता येतं.

१५ मे, गुरुवार

गोपीचंदची आई शालूबाई, तिच्या घरी गेलो. देविदासला सांगितलं नाही. आधी तिकडून गोड होऊ द्यावं म्हटलं.

गोपीचंद सुजल्या तोंडानं पेज पीत होता. मला पाहताच कोयत्याला हात घातला. शालूबाईनं त्याला खाली बसवलं. मी नकाशा पसरला, नावं सांगितली. ती नकाशावर वाकली. मग पदर पुढं ओढला.

"म्हंजे तुमी माझे भावजी लागता. थोरले. आन् मी इतके वर्षं बांधावर उभी राहून तुमाला काय काय बोलले!"

हसली. मीही हसलो. मग तिनं जे सांगितलं, त्यानं माझ्या तोंडचं पाणी पळालं. तिची सासू सांगायची, लिंबाजीचा हात कोपरातून उलटा होता. वाटणीच्या दिवशी थोरल्या भावानं दगडावर ठेवून मोडला. वरून दुसऱ्या दगडानं. थोरल्याचं नाव मात्र त्या घरात कधी कुणी घेतलं नाही.

थोरला म्हणजे माझे आजोबा. मला खांद्यावर घेऊन फिरायचे.

गोपीचंदचं लक्ष नकाशावरच. दात नाहीत, शब्द फुसफुसत बाहेर येत होते. "एका बापाचे दोघं. मंग तुमाला नाल्याचं वावर आन् आमाला माळ, ह्ये कसं?"

त्यानं मोबाइलवर नकाशाचा फोटो काढून घेतला. शालूबाईनं चहा दिला. प्यालो. गोड होता.

१९ मे, सोमवार

गोपीचंद वकिलाला भेटून आला. निम्मं शेत मागतो आहे.

देविदासला दुपारी पारावर कळलं. तसाच घरी आला. माझी गचांडी धरली, डोकं भिंतीवर आपटलं. दोनदा. मग थोबाडीत दिली. बापाला! संगिता मध्ये पडली तर तिलाही ढकललं.

"मी तुमाला भाऊ आणा म्हणलो व्हतो का? हिस्सेदार आणला तुमी घरात!"

खरं आहे त्याचं. परका होता तोवर चार हातांचं भांडण होतं. भाऊ झाला आणि निम्म्याचं झालं. सारा जन्म शेतीत गेला माझा, मला हे कळू नये!

२० मे

गाल सुजला. संगितानं हळद लावली.

२३ मे, शुक्रवार

सकाळी गोठ्यात पांढरा बैल पडलेला. मागच्या पायाची शीर कापलेली. उठू पाहतो आणि पुन्हा पडतो. शेणात रक्त, दावणीला रक्त. कुणी केलं ते कुणीच पाहिलं नाही म्हणे.

देविदास नुसता बैलाजवळ बसून राहिला. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

२४ मे, शनिवार

झालं. जे होऊ नये ते झालं.

विहिरीवर. त्याच अर्ध्या अर्ध्या विहिरीवर. मी धावत गेलो, धोतर पायात आलं, पडलो, पुन्हा उठलो. ओरडलो, "देविदास, भाऊ हाये रे त्यो तुझा!"

त्यानं वळून पाहिलं. ऐकलं त्यानं. मग कुऱ्हाड घातली. एक खांद्यावर, एक मानेखाली. ओलं लाकूड फुटावं तसा आवाज. गोपीचंदनं कोयता उगारला होता. तो हात तसाच वर राहिला, मग कोयता सुटून विहिरीत पडला. माझ्या सदऱ्यावर उडालेलं रक्त कोणाचं, असं पोलीस विचारत होते. घरचंच, म्हणालो.

देविदासला नेलं. गोपीचंदला नांदेडला नेलं.

२६ मे

आमच्या वकिलाचा निरोप घेऊन संगिता आली. नातं आहे असं कुठं बोलायचं नाही. वंशावळ, नकाशा, सगळं तिनं बंबात घातलं. मी अडवलं नाही. त्याच पाण्यानं आंघोळ केली.

गोपीचंद नळ्यांवर आहे. श्वास चालू आहे म्हणतात. चालू राहू दे.

२८ मे, बुधवार

गोपीचंद गेला.

त्याला दोन लहान पोरीच. अग्नी शालूबाईच्या भावानं दिला. मी लांब, बाभळीखाली उभा होतो. कुणी ये म्हणालं नाही, कुणी जा म्हणालं नाही.

देविदासचा कोठडीतून निरोप — बाबाला सांगा, परका मेला.

संगिता पायाशी बसली. "मामा, आपल्याकडचे कागद जळाले. आता दहाव्याला तुमी डोकं भादरलं तं साऱ्या गावासमोर भाऊकी कबूल केल्यासारखं व्हते. निम्मं शेत जाते. नवरा तं गेलाच माझा. पोरांच्या ताटात काय वाढू, त्ये तरी सांगा."

काय सांगू! तिचं काही चूक नाही. तिची लेकरं माझीच आहेत.

२ जून

देवाला हात लावला नाही. सुतक पाळतो आहे की नाही, माझं मलाच सांगता येत नाही. संगिता पाहते. विचारत नाही.

पारावर कुणी म्हणत होतं, शालूबाईकडं दहाव्याला बसायला घरचा पुरुषच नाही. भाऊकीतलं कुणीतरी लागतं. मला पाहून गप्प झाले.

जेवण जात नाही. छातीची गोळी घेतली की नाही, तेही आठवत नाही.

६ जून, शुक्रवार

सकाळी नाल्यावर सगळ्यांसमोर डोकं केलं. मिशीही ठेवली नाही. मग शालूबाईच्या ओसरीवर जाऊन बसलो. कुणी ऊठ म्हणालं नाही.